कुल्हडातलं वाण

माझ्या कपाच्या बुडाला लाल ठिपका होता. ताटाला, वाटीला, चमच्यालाही होता. मोठ्या जाऊबाईंनी तो माझ्या मुलीच्या नेलपॉलिशने लावला होता, म्हणजे घासताना माझी भांडी बाकीच्यांच्या भांड्यांत मिसळायची नाहीत. मुलगी कॉलेजातून आली आणि ओरडली, "मेरी नेलपॉलिश किसने ली?" मला टीबी झाला होता.

आता बरी आहे. औषधं संपली, वजन भरलं, पायऱ्या चढताना दम लागत नाही. राग तेवढा राहिला आहे. तो काही कोणाला बोलून दाखवता येत नाही, म्हणून लिहिते आहे. माझी शाळा वर्ध्याकडच्या खेड्यात चौथीपर्यंत झाली. लग्न होऊन जबलपूरला आले तर दाराबाहेर सगळी हिंदी. आधीच कमी बोलणारी, आणखी कमी बोलू लागले. लिहिताना मला कोणी मध्येच तोडत नाही. हे कोणाला दाखवायचं ठरवलेलं नाही. पण ज्या बाईला हा आजार होईल तिच्या हाती पडलंच, तर तिने एवढं धरून ठेवावं की औषध कडू नसतं. बाकीचं कडू असतं.

*

आमचं घर दीक्षितपुऱ्यात, गल्लीतल्या गल्लीत. खाली थोरले दीर आणि जाऊबाई, वर आम्ही तिघं. चूल एकच, खाली. जाऊबाईंना मी 'बाई' म्हणते. आमचे हे फॅक्टरीत आहेत. मुलगी रेणू. तिला मराठी समजते, बोलताना मात्र ती हिंदीत घसरते.

वरच्या खोलीत माझी झाडं असतात. नर्सरीत त्याला कोलियस म्हणतात. फूल त्याचं पाहण्यासारखं नसतं, सगळा रंग पानात. एक मरून आहे, त्याला पातळाच्या काठासारखी हिरवी किनार. एक मधोमध गुलाबी. एक चिंचेने घासलेल्या तांब्याच्या रंगाचं. एक पिवळं, त्यावर लाल शिंतोडे, जणू कोणी पान खाऊन वरून थुंकलं. कडक उन्हात ठेवलं तर रंग उडतो, अंधारात ठेवलं तर लांबट होऊन फिकं पडतं. खिडकीतला उजेड त्याला बरोबर. पाणी विसरलं तर मान टाकतं, दिलं की थोड्या वेळाने पुन्हा उभं. तुरा आला की खुडायचा, नाहीतर पानं बारीक होतात. शेंडा खुडला की खालून दोन फुटतात, आणि खुडलेला शेंडा बाटलीत पाण्यात ठेवला की त्याला मुळं येतात.

या शेंड्यांवरच माझी गल्लीत ओळख आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण लुटतात. कोणी वाट्या देते, कोणी कंगवे, कोणी प्लास्टिकचे डबे. मी चहाच्या मातीच्या कुल्हडात मुळं फुटलेलं कोलियसचं रोप देते. पहिल्या वर्षी बाई हसल्या होत्या, "हे काय वाण झालं का? पाला?" पण बायकांना आवडलं. पुढे पुढे बायका दिवाळीपासूनच विचारायच्या, "यंदा कोणता रंग?" मराठी नसलेल्या बायकाही यायच्या. आज गल्लीतून चाललं तर जवळजवळ प्रत्येक खिडकीत माझ्या झाडाचं पोर दिसतं. तोंडाने दोन शब्द न बोलता मी एवढ्या घरांत गेलेली होते.

*

पावसाळ्याच्या सुरुवातीला खोकला लागला. गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरने बाटली दिली. ती संपली, दुसरी दिली. मग विचारलं, "घर में गमले हैं क्या?"

"बहुत हैं," हे म्हणाले.

"बस, एलर्जी है. हटाओ."

त्याने माझ्या छातीला नळीसुद्धा लावली नाही. माझी सगळी झाडं गच्चीवर गेली, भर पावसात. जबलपूरचा पाऊस धरला की सोडत नाही. पानं फाटली, खोडं काळी पडून मऊ झाली. मी वर जाऊन पाहायची आणि खोकत खाली यायची. बाई म्हणायच्या, "पाहा, झाडांपाशी गेली की खोकलते." पायऱ्या चढल्याने खोकला येतो, हे त्यांना सुचलं नाही. संध्याकाळी अंग तापायचं. ब्लाऊज खांद्यावरून उतरू लागले. ते मी आतून टाके घालून बारीक केले आणि कोणाला सांगितलं नाही. एक दिवस रुमालावर लाल दिसलं, तेव्हा यांनी सुट्टी टाकली आणि मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथे थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. दुसऱ्या खेपेला डॉक्टर मॅडमने कागद पाहिले. मॅडमसमोर एकच खुर्ची होती. तिच्यावर हे बसले होते, मी मागे उभी. हे पुढे वाकून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, जरा बाहर बात कर लें? ये घबरा जाएँगी."

मॅडमने विचारलं, "बीमारी किसको है?"

"इनको."

"तो कुर्सी पर ये बैठेंगी. आप खड़े रहिए."

हे उठले. मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी यांच्यासमोर खुर्चीत आणि हे उभे असं झालं, आणि तेही टीबी झाल्यावर. मॅडम म्हणाल्या, "टीबी है. दवा बीच में छोड़ोगी नहीं तो पूरा ठीक होगा. बर्तन से नहीं फैलता, छूने से नहीं फैलता, खाँसी की हवा से फैलता है. मुँह पर कपड़ा रखो, कमरे की खिड़की खुली रखो. क्या रखो?"

मी मान हलवली.

"बोलकर बताओ."

"खिड़की खुली," मी म्हटलं.

यांनी विचारलं, "और गमले?"

"गमलों ने आपका क्या बिगाड़ा है?" मॅडमने पुढच्या माणसाला हाक मारली.

मला त्या दिवशी भीती वाटली, खोटं काहून बोलू. माझी आत्या याच आजारात गेली होती आणि तिचं नावसुद्धा घरात कोणी घेत नसे. पण त्या खुर्चीत बसून सगळं माझ्या तोंडावर सांगितलं गेलं, ते बरं वाटलं. ज्याचं दुखणं त्यालाच सांगायचं, एवढी साधी गोष्ट आहे. स्कूटरवर घरी येताना हे म्हणाले, "घरी टायफॉइड सांगू."

"काहून?"

"गल्लीत दहा तोंडं आहेत."

सिग्नलला उभे होतो. मी त्यांच्या पाठीला म्हटलं, "टीबी तर माझ्या तोंडात आहे." ते ऐकू गेलं की नाही माहीत नाही. हिरवा लागला.

*

गल्लीत टायफॉइडच सांगितलं, पण बाईंना खरं सांगावंच लागलं, चूल एक म्हणून. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि दोन कामं केली. भांड्यांना ठिपके लावले आणि माझ्या खोलीची खिडकी बंद करवली.

"खोकला खालपर्यंत ऐकू येऊन राहिला," त्या जिन्यातूनच म्हणाल्या. "चौबे भाभी विचारून राहिली होती, कोण खोकलते म्हणून."

मी म्हटलं, "डॉक्टर मॅडमने उघडी ठेवायला सांगितली."

"त्यांचं काय जाते? त्यांना राहायचं आहे का या गल्लीत?"

यांनी उठून खिडकी लावली. कडी नीट बसत नव्हती तर वर्तमानपत्राची घडी खोचून बसवली. आजार भांड्याने पसरत नाही तर भांडी वेगळी. हवेने पसरतो तर हवा बंद. मी ऐकून आले होते, परत बोलून दाखवून आले होते, आणि घरी येऊन बरोबर त्याच्या उलट झालं. अब्रूसाठी. खोकला ऐकू गेला नाही म्हणजे आजार नाही. बंद खोलीत माझ्याजवळ रेणू पुस्तक घेऊन बसायची. तिला काही झालं असतं तर? हा विचार आला की आजही माझे कान तापतात. अब्रू तिच्या फुफ्फुसाला पुरली असती का?

आणि अब्रू तरी कुठे राहिली. दवाखान्यातली दीदी घरातल्या सगळ्यांची तपासणी करायला आली, तर गल्लीच्या तोंडावरच तिला दोघींनी घर दाखवलं. "वो टीबी वाली? तीसरा दरवाजा." बाईंनी चौबे भाभीला सांगितलं होतं, "किसी को बताना मत." चौबे भाभीनेही पुढे तेच बजावून सांगितलं असणार. घरातल्या बाकी कोणाला काही निघालं नाही, देवाची कृपा.

*

औषधाचं लिहिते, कारण हे कोणी आधी सांगत नाही. सकाळी उपाशी पोटी गोळ्या. त्यानंतर पोटात कालवतं, तोंडाला लोखंडाची चव येते. लघवी नारिंगी होते. मला वाटलं आता आतून फुटले. दीदी हसली, "दवा का रंग है, डरो मत." सुरुवातीला अन्नाचा वास नको व्हायचा. हे फॅक्टरीतून येताना फुटाणे, शेंगदाणे, केळी आणायचे आणि न बोलता उशाशी ठेवायचे. दवाखान्याची खेप त्यांनी एकही चुकवली नाही. बाईंनीही शेवटपर्यंत गरम जेवण दिलं, एक वेळ चुकली नाही. हे लिहिलं पाहिजे. ते ताट बाई जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवून मागे सरायच्या, हेही लिहिलं पाहिजे. "घे गं," म्हणायच्या, आणि मी उतरून घेईपर्यंत लांब उभ्या राहायच्या. दोन्ही खरं आहे. मला पहिल्याबद्दल उपकार मानावेसे वाटायचे आणि दुसऱ्यामुळे घास गिळवायचा नाही.

एक दिवस रेणू गच्चीवरून आली. "मम्मी, ऊपर तेरे पौधे सड़ रहे हैं."

"आण खाली," मी म्हटलं. तिने कुंड्या आणल्या. बहुतेक सडलेल्या. जिथे खोड टणक होतं तिथून मी शेंडे कापले, खालची पानं काढली, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांत ठेवले. एवढ्या बाटल्यांचा तेवढाच उपयोग झाला. मुळं फुटली. कुंडीत लावले. पण खिडकी बंद, तर पानं फिकी पडू लागली. गुलाबी पांढरट झालं, मरून नुसतं हिरवं.

मग मी यांना म्हटलं, "झाडांना हवा-उजेड लागते. खिडकी उघडून द्या."

यांनी घडी काढली आणि खिडकी उघडली. एवढ्या सहज! माझ्यासाठी जी उघडली नव्हती ती झाडांसाठी उघडली. खालून बाईंचा आवाज आला, "खिडकी कोणी उघडली?"

"झाडांसाठी, वहिनी."

"झाडांसाठी ठीक आहे. पण तिला म्हणा, हळू खोकल."

मी भिंतीकडे तोंड करून हसले. हसताना खोकला आला. मी मोठ्याने खोकले.

लोक म्हणतात झाडं पाहून आजाऱ्याला धीर येतो. मला काही तसं झालं नाही. मला काम मिळालं. माती कोरडी आहे का ते बोटाने पाहायचं, कुंडी फिरवायची म्हणजे एका बाजूला झुकत नाही, तुरे खुडायचे. पानांच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा किडा बसला होता, तो साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक पान धरून पुसला. बाई म्हणाल्या, "किडकं झाड फेकून दे ना, बाकीच्यांना लागेल." मी ते झाड बाजूला ठेवलं, उजेडातच ठेवलं, आणि पुसत राहिले. ते सुधारलं. त्याला कोणी ठिपका लावला नाही.

*

पुढच्या तपासणीत थुंकी साफ निघाली. मॅडम म्हणाल्या, "अब आपसे किसी को नहीं लगेगा. दवा चालू रखो, पर सबके साथ बैठो, सबके साथ खाओ." त्यांनी यांच्याकडे पाहून पुन्हा म्हटलं, "सबके साथ."

त्या दिवशी मी आपणहून खाली उतरले आणि ताटावर बसले. बाईंनी ठिपक्याचंच ताट वाढलं.

"बाई, मॅडम म्हणाल्या आता लागत नाही."

"डॉक्टर तर म्हणतातच," बाई म्हणाल्या. "आपण आपली काळजी घ्यावी."

दीर ताट उचलून बाहेरच्या खोलीत गेले. बातम्या पाहायच्या होत्या म्हणे. हे खाली मान घालून जेवत राहिले. मी सगळ्यांच्या बाजूने विचार करून पाहिला आणि मग तो बंद केला. माझ्या बाजूने विचार करायला तिथे कोणी बसलेलं नव्हतं.

थंडीत दवाखान्याच्या रांगेत जवळच्या पनागर गावची एक बाई भेटली. तिलाही हेच. पिशवीत घरच्या शेतातले मटार घेऊन बसली होती, सोलायची आणि खायची. माझ्याकडे वळून म्हणाली, "लो बहन." तिच्या मुठीतून माझ्या ओंजळीत दाणे पडले. मी खाल्ले. कोणीतरी हातावर हात टेकवून काही दिलं, याला किती दिवस झाले होते. मला तिथेच रडू आलं. ती म्हणाली, "अरे, मटर में भी रोती हो?"

*

कोलियसला थंडी सोसत नाही. इथली थंडी कडक. बाहेर ठेवलं तर पानं काळी पडून गळतात, म्हणून संक्रांतीचं वाण खोलीतच वाढवावं लागतं. दिवाळी झाली तशी मी शेंडे खुडायला सुरुवात केली. थंडीत मुळं सावकाश येतात. बाटल्या दिवसा खिडकीत, संध्याकाळी खोलीत आत. पाणी गार नको, कोमट. मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की कुल्हडाला खाली भोक पाडून त्यात लावायची. रेणूने चहावाल्याकडून वापरलेले कुल्हड आणून धुऊन दिले. यंदा तांब्याचा रंग सगळ्यात छान आला होता. औषधाचे शेवटचे दिवस चालू होते. माझ्या मनात एकच होतं, या वेळी वाण माझ्या हाताने द्यायचं. ते बायकांनी घेतलं की मी परत माणसांत आले. डॉक्टरचा कागद मला पुरत नव्हता.

संक्रांत झाल्यावर बाई जिन्यात आल्या. मधल्या पायरीवर. गोड आवाजात म्हणाल्या, "रविवारी हळदीकुंकू ठेवते हो. तू दगदग करू नको, वर आराम कर. वाणाला मी डबे आणले आहेत."

"माझी रोपं तयार आहेत, बाई."

"असू दे ना. लोकांच्या मनात नको. तुझ्या हातची माती कोणी घरात नेईल का आता? तूच विचार कर."

मी विचार करणारी, त्या ठरवणाऱ्या. त्या खाली गेल्या. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "वहिनीचं एकदम चुकते असं नाही. कोणी घेतलं नाही तर तुलाच वाईट वाटेल."

"आता काय चांगलं वाटून राहिलं?"

रेणू मात्र पुस्तक आपटून म्हणाली, "मम्मी, तू नीचे जा. सबके सामने कौन रोकेगा?"

*

रविवारी खाली बायका जमल्या. मी लग्नात आलेली जांभळी साडी नेसले, परातीत कुल्हड लावले आणि उतरले. बाई हळदीकुंकवाची कुयरी घेऊन उभ्या होत्या. चेहरा असा की जणू गॅसवर दूध ठेवून आल्या आणि विसरल्या.

"अगं, तू काहून आलीस? चक्कर येईल ना," त्या म्हणाल्या.

मी परात धरून एकेकीपुढे वाकले. शेजारच्या लताने दोन्ही हातांनी कुल्हड घेतलं, म्हणाली, "काकू, तांब्याचा मला!" पुढच्या दोघींनी घेतलं, पदरात धरून. चौबे भाभीने घेतलं आणि लगेच खाली ठेवलं, "अच्छा लग रहा है, बाद में ले जाऊँगी." एकीने मान हलवली, "बहू को सातवाँ महीना है, बुरा मत मानना." बुरा मत मानना! मारून वर सांगायचं, लागू देऊ नको.

तरी बऱ्याच जणींनी घेतलं. मी वर आले तेव्हा मला वाटलं, झालं. मग सगळ्या गेल्यावर रेणू बाहेर रांगोळी पुसायला गेली आणि परत आली ती लाल चेहऱ्याने. बाहेर ओट्याच्या कडेला कुल्हड ठेवलेले होते. ओळीने. आत हसून घेतलेले, बाहेर पडताना ठेवून दिलेले. बाईंचा डबा मात्र एकही राहिला नव्हता.

मी ओट्यावर गेले. एका रोपाची मान मोडली होती.

मला माझ्याबद्दल वाईट वाटलं असतं तर मी वर जाऊन झोपले असते. पण मला त्या झाडांचा राग आला. म्हणजे झाडांसाठी. त्यांच्या आया त्याच बायकांच्या खिडक्यांत मजेत उभ्या होत्या. चौबे भाभीच्या खिडकीतलं मरून तर मीच दिलेलं. तेव्हाचे हात तेच, माती तीच. मी परात उचलली, त्यात कुल्हड भरले.

"मम्मी, क्या कर रही है?"

"वाण परत घेत नसतात," मी म्हटलं. "तू येऊ नको. मी एकटी जाते."

उन्हं अजून होती, सगळे दरवाजे उघडे होते. पहिल्यांदा चौबे भाभीकडे. ती दारात आली.

"भाभी, आपका वाण रह गया."

"अरे हाँ... वहाँ रख दीजिए ना."

"रखूँगी नहीं. हाथ में लीजिए." माझा आवाज मलाच अनोळखी. जरा मोठाच निघाला, समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. बरं झालं. "मुझे टीबी था. टायफॉइड नहीं था. टीबी था. ठीक हो गया. ये मिट्टी है, इससे कुछ नहीं होता. आपकी खिड़की में भी मेरा ही है."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या खिडकीकडे पाहिलं, आणि हात पुढे केला. घेतलं. "नाराज मत हो," म्हणाली.

"हूँ," मी म्हटलं. "नाराज हूँ."

मी प्रत्येक दारात तेच बोलले. शब्द बदलले नाहीत, बदलायला येतच नव्हते. परातीत कुल्हड वाजत होते. कोणी खरंच शरमलं, कोणी 'चाय पीकर जाओ' म्हणालं. एका घरी म्हातारीने कुल्हड घेऊन माझ्या गालावरून हात फिरवला. सातव्या महिन्याच्या सुनेच्या घरी सासूने दार उघडलंच नाही. आतून आवाज येत होता, दार बंद. त्या दाराशी मी वाण ठेवलं नाही, घेऊन परत आले. ज्याला नको त्याला नको. पण मग तसं माझ्या तोंडावर म्हणा.

*

घरी आले तर बाई ओट्यावर उभ्या. बातमी माझ्याआधी पोहोचली होती. हे त्यांच्या मागे दारात.

"लाज नाही वाटली?" बाई म्हणाल्या. "गल्लीभर टीबी टीबी करत फिरली. घराण्याचं चांगलं नाव काढलंस."

"नाही वाटली."

"पाहा भाऊजी, कशी बोलून राहिली!"

हे पुढे आले. मला वाटलं मलाच आत जा म्हणतील. त्यांनी माझ्या हातातली जड परात घेतली आणि म्हणाले, "वहिनी, तुम्हीही तर घेतलं नाही अजून तिचं वाण."

एवढंच बोलले. पण गल्लीत, उभ्याने बोलले. परातीत एकच कुल्हड उरलं होतं, त्या बंद दाराचं. मी ते उचलून बाईंपुढे धरलं. समोर लता तिच्या दारात उभी, वर खिडकीत रेणू. बाईंनी पदराचं टोक हातावर ओढून घेतलं आणि कुल्हड पदरातून धरलं. बोट माझ्या बोटाला लागू दिलं नाही.

मी आत गेले. कोनाड्यात त्यांची कुयरी होती, ती घेऊन बाहेर आले. वाणाबरोबर हळदीकुंकू लावायचं असतं. सवाष्ण कुंकवाला नाही म्हणत नाही. नाही म्हणणं म्हणजे स्वतःच्या नवऱ्याचं अशुभ चिंतणं. हे मला बाईंनीच लग्नानंतर शिकवलं होतं, आणि दीर आत बातम्या पाहत बसले होते.

बाईंनी कुयरीकडे पाहिलं, माझ्या बोटाकडे पाहिलं. मागे सरायला ओट्यावर जागा नव्हती. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि श्वास रोखून धरला.

मी आधी हळद लावली, मग कुंकू. घाई केली नाही.